गळ टाकणारे : कोण, आणि कशासाठी?

आपल्या मराठीत ‘गळ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. मासा धरायचा वाकडा काटा तो गळ, आणि एखाद्याच्या मागे लागून काही मागणे म्हणजे गळ घालणे. मासा गळाला लागतो, तसे दुकानदाराचे गिऱ्हाईकही गळाला लागते. कोकणात काही ठिकाणी या काट्याला गरी म्हणतात आणि गरी घेऊन खाडीवर बसण्याला गरवणे. एवढ्याशा वस्तूने भाषेत इतकी जागा अडवली आहे, यावरून तिचे वय आणि तिची माणसाशी असलेली जवळीक लक्षात यावी.

वाचकहो, जाळे टाकणाऱ्याला “तू हे कशासाठी करतोस?” असे कोणी विचारीत नाही. तो त्याचा धंदा आहे. गळ टाकणाऱ्याला मात्र हा प्रश्न हमखास विचारला जातो. चार-चार तास उन्हातान्हात बसायचे आणि एखादा मासा मिळाला तर मिळाला, नाही तर रिकाम्या हाताने घरी यायचे, हा काय उद्योग आहे? या प्रश्नाला इतिहासात वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळी उत्तरे दिली. कोणी पोटासाठी बसले, कोणी मानासाठी, कोणी मनासाठी. माझे म्हणणे असे की, गळ टाकणाऱ्यांच्या जाती माशांवरून ठरत नाहीत. त्या या उत्तरावरून ठरतात. पाण्याचे काय होणार, हेसुद्धा शेवटी त्या उत्तरावरच ठरते.

पोटासाठी

सर्वांत जुने उत्तर अर्थातच भुकेचे. आपल्या या देशातच त्याचा फार जुना पुरावा सापडला आहे. हुला खोऱ्यात यार्देनच्या काठी दुरेजात नावाचे एक ठिकाण आहे. तेथे उत्खननात हाडाचे १९ गळ आणि खाचा पाडलेले ६ दगड मिळाले. हे दगड दोरीला वजन म्हणून बांधीत असावेत. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय सुमारे १२ हजार वर्षे! म्हणजे शेती सुरू होण्याच्याही आधी येथला माणूस हाड घासून काटा करीत होता, त्याला वनस्पतीच्या तंतूची दोरी बांधीत होता आणि कोणत्या माशाला केवढा काटा लागतो, याचा हिशोब करीत होता.

मिसर देशात बेनी हसन येथल्या थडग्यांच्या भिंतींवर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची चित्रे आहेत. त्यांत काठी आणि दोरी घेऊन मासे धरणारा माणूस दिसतो. आपल्या तोरातही याची आठवण आहे. रानात मान्ना खाऊन कंटाळलेल्या इस्राएल लोकांनी मोशे रबेनूंपाशी कुरकुर केली तेव्हा काकड्या, कलिंगडे, कांदे आणि लसूण यांच्याही आधी त्यांना मासे आठवले, आणि तेही फुकट मिळालेले मासे. गुलामाला फुकट काय मिळणार, असा प्रश्न पडतो. मला वाटते, नाईल नदीत गळ टाकून बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो शब्द खरा असेल. जाळ्याला पैसा लागतो, होडीला त्याहून जास्त लागतो. गळाला एक काठी, एक दोरी आणि वेळ एवढेच लागते. यशया नबीने मिसरावर येणाऱ्या संकटाचे वर्णन करताना नाईलमध्ये गळ टाकणारे शोक करतील असे सांगितले आहे. पाणी आटले की सर्वांत आधी रडणार तो गळवाला, कारण त्याच्यापाशी दुसरे काही नसते.

गरीब माणसाचा हा हक्क आपल्या शास्त्रकारांनी फार लवकर ओळखला. तल्मूदमधील बाबा कामा या भागात एक सुंदर परंपरा सांगितली आहे. यहोशवाने वचनदत्त भूमी वंशावंशांत वाटून दिली, तेव्हा दहा अटी घातल्या. रानात जनावरे चारू द्यावीत, झऱ्याचे पाणी घेऊ द्यावे, अशा त्या अटी आहेत. त्यांतली एक अशी की, तिबेर्याच्या समुद्रात, म्हणजे आपल्या किन्नेरेतमध्ये, कोणीही गळाने मासे धरावेत. मात्र होड्यांची वाट अडेल असा आडवा अडसर कोणी पाण्यात घालू नये. तेथेच दिलेल्या दुसऱ्या एका वचनात जाळ्यांनाही मोकळीक आहे. अडसराला मात्र नाहीच. त्या काळी हा समुद्र नफतालीच्या वाट्याला आला होता. तरी मालकी नफतालीची आणि गळ सर्वांचा, अशी ही तडजोड होती. पाणी कोणाचे, या भांडणावर जगात पुढे शेकडो वर्षे डोकी फुटली. त्याचे उत्तर या एका ओळीच्या अटीत आहे.

गळाला लागतो कोण, हाही गमतीचा विषय आहे. किन्नेरेतच्या काठी हॉटेलांत पर्यटकांना ‘सेंट पीटरचा मासा’ म्हणून अम्नून, म्हणजे अरबीतला मुश्त, वाढतात. ख्रिस्ती शुभवर्तमानात अशी कथा आहे की, पेत्राने किन्नेरेतमध्ये गळ टाकला आणि पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे निघाले. एन गेव किब्बुत्सचे मेंडेल नून हे स्वतः मच्छीमार होते आणि किन्नेरेतच्या जुन्या मासेमारीचे मोठे अभ्यासकही होते. त्यांनी दाखवून दिले की, मुश्त पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन जगतो, आमिषाला तोंड लावीत नाही. तेव्हा गळाला लागलेला तो मासा बिनी असला पाहिजे. बिनीच्या तोंडाशी मिशा असतात आणि तो आमिष घेतो. आपल्या हिंदुस्थानातला महसीर आणि हा बिनी एकाच मोठ्या कुळातले. ज्याने आयुष्यभर पाण्यात हात घातले त्याच्या डोळ्यांना दिसले ते पंडितांच्या नजरेतून सुटले होते, हे मला फार आवडते.

मासा आणि आपला समाज यांचे नाते सांगायला नकोच. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले पूर्वज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची ओळख पटवणारा साक्षीदार मासाच होता, असे आपली परंपरा सांगते. दावीद रहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. हे केव्हा घडले याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण खाडीकाठच्या घरात ही निवड रोजचीच होती. गळाला शिंगाळा लागला की तो आपल्या घरात शिजत नसे, आणि बोय लागली की आनंद. येथे आल्यावर भाजीबाजारातला ‘बुरी’ पाहून आपल्या कितीतरी बायकांनी ओळखीचे हसून म्हटले असेल, “ही तर आपली बोय!” ते खरेच आहे. भूमध्य समुद्रातली बुरी आणि कोकणच्या खाडीतली बोय एकाच घराण्यातल्या.

मानासाठी

दुसऱ्या जातीचा गळवाला मासे खाण्यासाठी बसत नाही, लोकांनी पाहावे म्हणून बसतो. त्याचा आदिपुरुष म्हणजे रोमचा सरदार अँटनी. प्लुटार्कने त्याच्या चरित्रात लिहिले आहे की, क्लिओपात्रा जवळ बसलेली असताना अँटनीच्या गळाला काही लागेना. तेव्हा त्याने कोळ्यांना गुपचूप हुकूम दिला की, पाण्याखालून जाऊन आधीच धरलेले मासे आपल्या गळाला अडकवा. मग काय, एकामागून एक मासे निघू लागले! राणी चतुर होती. तिने वरवर फार कौतुक केले आणि दुसऱ्या दिवशी मित्रमंडळींना बोलावून आपल्या माणसाला पाण्यात पाठवले. अँटनीने मोठ्या डौलाने गळ ओढला, तर त्याला काळ्या समुद्राकडून आलेला खारवलेला मासा! सगळे पोट धरून हसले. राणीने मग त्याला समजावले की, काठी आम्हा मिसरी लोकांकडे राहू द्या, तुम्ही शहरे आणि राज्ये धरा. ही गोष्ट दोन हजार वर्षांची आहे. पण मोठा मासा धरून फोटो काढणाऱ्या आणि तो मासा कॅमेऱ्याच्या जरा जास्तच जवळ नेणाऱ्या आजच्या वीरांना ती अजून लागू पडते.

चीनमध्ये याच्या अगदी उलट माणसाची दंतकथा सांगतात. जियांग नावाचा एक वृद्ध ज्ञानी वेई नदीच्या काठी गळ टाकून बसे. त्याचा काटा वाकडा नव्हता, सरळ होता, आणि त्याला आमिषही नव्हते. लोक हसत. त्याला मासा नकोच होता. तो योग्य राजाची वाट पाहत होता. एके दिवशी चौ राज्याचा राजा वेन तेथून गेला, त्याने या विचित्र म्हाताऱ्याला बोलते केले आणि आपला सल्लागार नेमले. ज्याला यायचे तो सरळ काट्यालाही येतो, अशा अर्थाची म्हण त्यावरून चिनी भाषेत पडली. आपण मराठीत म्हणतो तसा राजाच गळाला लागला!

आपल्याकडे मानासाठी गळ टाकण्याची चाल साहेबांनी आणली. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. ते पुढे कितीतरी अधिकाऱ्यांच्या सामानात असे. डोंगरी नद्यांतला महसीर हा त्यांच्या लेखी माशांतला वाघ. किती शेर वजनाचा धरला, किती वेळ झुंज दिली, याची चर्चा क्लबात चाले. त्याच नदीवर त्याच माशाला बांबूच्या काठीने धरणारा गावकरी मात्र त्यांच्या लेखी शिकारी नव्हता. एकाच काट्याला लागलेला मासा साहेबाच्या हाती क्रीडा ठरे आणि गरिबाच्या हाती नुसते कालवण.

मनासाठी

तिसऱ्या जातीबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण माझे आयुष्य आजाऱ्यांच्या उशाशी गेले.

१४९६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड नावाच्या मुद्रकाने शिकारीवरील एका पुस्तकाची नवी आवृत्ती छापली. तिच्यात गळाच्या मासेमारीवर एक छोटा प्रबंध जोडलेला होता. इंग्रजी भाषेत या विषयावर छापले गेलेले हे पहिले लिखाण. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठवासी बाईने ते लिहिले असे मानतात, पण विद्वानांना ते पटलेले नाही. या प्रबंधाचा आरंभ कशाने होतो, ठाऊक आहे? आपल्या शलमोन राजाच्या नीतिसूत्रांनी! आनंदी मन हे उत्तम औषध आहे, या अर्थाचे जे वचन आपण लहानपणी ऐकले त्याचा आधार घेऊन लेखक विचारतो की, माणसाला निरोगी म्हातारपण कशाने मिळेल? शिकार, ससाणे उडवणे, पाखरे धरणे आणि गळ टाकणे या चारांत गळ श्रेष्ठ, असा त्याचा निवाडा आहे. मासा मिळाला नाही तरी पहाटेची चाल झाली, स्वच्छ हवा मिळाली, फुलांचा वास घेतला, पाखरे ऐकली. म्हणजे नुकसान काहीच नाही.

परिचारिकेच्या दृष्टीने मला यात खोट दिसत नाही. पण त्याहून महत्त्वाचे आहेत ते प्रबंधाच्या शेवटी घातलेले नियम. गरिबाच्या राखीव पाण्यात त्याच्या परवानगीवाचून गळ टाकू नका. दुसऱ्याच्या जाळ्यातून मासे काढू नका. कुंपण मोडू नका, फाटक उघडले तर लावून घ्या. पैसा वाचवायला किंवा साठवायला मासे धरू नका, शरीराच्या आणि आत्म्याच्या आरोग्यासाठी धरा. आणि एका वेळी फार मासे धरू नका. आज सरकारे जे कायदे करतात त्यांचा गाभा पाचशे वर्षांपूर्वीच्या या नियमांत आला आहे.

या जातीचा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे आयझॅक वॉल्टन (१५९३ ते १६८३). तो लंडनमध्ये कापडाच्या व्यापारात होता. पहिल्या पत्नीपासून झालेली त्याची सगळी मुले लहानपणीच दगावली. पुढे ती पत्नीही १६४० मध्ये गेली. देशात यादवी माजली, ज्या राजाच्या बाजूचा तो होता त्या राजाचे १६४९ मध्ये मस्तक उडवले गेले. अशा काळानंतर चार वर्षांनी, १६५३ मध्ये, साठाव्या वर्षी त्याने ‘द कम्प्लीट अँगलर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. चिंतनशील माणसाची करमणूक, असे त्याचे दुसरे नाव आहे. भांडणाचा त्यात शब्द नाही. नदी आहे, मासे आहेत, मित्र आहेत, गाणी आहेत. ज्याचे सर्व काही वाहून गेले त्याने वाहत्या पाण्याकाठी बसून मन सावरले, असे मी ते समजते. वॉल्टन नव्वद वर्षे जगला आणि शेवटपर्यंत त्या पुस्तकात भर घालीत राहिला. १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने कृत्रिम माशी बांधून मासे धरण्याचा भाग जोडला.

आठवडाभर राबणाऱ्यांचा गळ

वॉल्टनला वेळ होता. ज्याला वेळच नाही त्याचे काय? इंग्लंडात कारखाने आले तेव्हा गळाचे दोन वर्ग पडले. सामन आणि ट्राउट हे ‘खेळाचे मासे’, ते जमीनदारांच्या राखीव नद्यांत. बाकी सगळे ‘जाडेभरडे मासे’, ते कालव्यांत आणि डबक्यांत कामगारांसाठी. माशांच्या नावांतही वर्णभेद!

शेफिल्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे शहर. तेथले कारागीर आठवडाभर सहाणेच्या धुळीत खोकत बसत आणि सुटीच्या दिवशी आगगाडीने दूरच्या नदीवर गळ टाकायला जात. दारूच्या गुत्त्यांत त्यांचे मासेमारीचे क्लब भरत, शर्यती लागत, बक्षिसे असत. या साध्या लोकांच्या लक्षात आले की, अंडी घालायच्या दिवसांतही मासे उपसले तर पुढे नदीत काही उरणार नाही. सामन-ट्राउटला कायद्याचे संरक्षण होते, गरिबांच्या माशांना नव्हते. त्यांच्या मागणीवरून शेफिल्डचे खासदार ए. जे. मंडेला यांनी १८७८ मध्ये पार्लमेंटमध्ये कायदा करून घेतला आणि १५ मार्च ते १५ जून हे तीन महिने ‘जाडेभरडे मासे’ धरण्यास बंदी झाली. वाचकहो, लक्षात घ्या. ज्यांना वर्षातून मोजकेच मोकळे दिवस मिळत होते, त्यांनीच आपल्या सुखातले तीन महिने आपणहून सोडले. गरीब माणसाला उद्याची काळजी नसते, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

अडसर आणि गळ

यहोशवाच्या अटीत अडसराला मनाई होती, हे वर सांगितले. इतिहासात हा अडसर पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टावर मोहोर करून घेतली. त्या थोर सनदेचे ३३ वे कलम मासे धरण्याच्या कुडांविषयी आहे. थेम्स, मेडवे आणि साऱ्या इंग्लंडातल्या नद्यांतून हे कूड काढून टाकावेत. समुद्रकिनारा तेवढा वगळावा. होड्या अडत होत्या, ही तक्रार आपल्या तल्मूदातलीच!

हिंदुस्थानात १८९७ च्या मासेमारी कायद्याने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरवले. सुरुंग हाही एक प्रकारचा अडसरच. ज्याला एका क्षणात सगळे हवे असते त्याचे ते हत्यार. इस्रायलमध्ये मासेमारीचा मूळ कायदा ब्रिटिश अमलातला, १९३७ चा. २०१६ मध्ये नवे नियम आले. प्रजननाच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवणे, दोरच्या उत्तरेकडच्या समुद्रात तळ खरवडणारे ट्रॉलर थांबवणे आणि हौशी माणसाने दिवसाला पाच किलोपर्यंतच मासे न्यावेत असे ठरवणे, अशा त्या तरतुदी. हबक्कूक नबीने लोभी माणसाचे चित्र रेखाटले आहे. तो गळाने आणि जाळ्याने सर्वांना ओढून घेतो आणि शेवटी आपल्या जाळ्यालाच धूप जाळतो. ट्रॉलरचे जाळे तळावरून फिरते तेव्हा मला ते चित्र आठवते. गळाच्या काट्याला धूप जाळण्याइतके तो कधी देत नाही, हे त्याचे भाग्य.

खेळ की छळ?

आता एका अवघड गोष्टीकडे वळते. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची चाल आज जगभर वाढली आहे. हे लोक स्वतःला निसर्गाचे मित्र म्हणवतात, आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. मासा सोडला तर तो पुन्हा अंडी घालील. पण ज्याला खायचे नाही त्याला काटा टोचायचाच कशाला, असा प्रश्न उरतोच. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझकेल लांदाऊ यांना एका श्रीमंत यहुदी माणसाबद्दल विचारण्यात आले होते. त्याच्या मालकीची राने होती आणि त्याला बंदुकीने शिकार करायची होती. रब्बींनी उत्तर दिले की, पोटासाठी करणे वेगळे. केवळ मौजेसाठी जीव मारणे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या लेकरांना शोभत नाही. हा निवाडा रानातल्या शिकारीविषयी होता. गळाला तो किती लागू करावा, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणिरक्षण नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरणे बेकायदा ठरवले आहे.

माझे मत विचाराल, तर सोडायचाच असेल तर नीट सोडावा. काट्याला उलटा दात नसावा. हात आधी ओले करून घ्यावेत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे जंतूंपासून त्याचे रक्षण करणारे मलमच असते, आणि कोरड्या हाताने ते पुसले जाते. इस्पितळात बोटात गळ घुसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. घाबरून मागे ओढतात आणि मांस फाटते. खोल रुतलेला दाताचा काटा डॉक्टर बधिर करून पुढे ढकलतात, दात कापतात आणि मग मागे काढतात. शिवाय धनुर्वाताची सुई आलीच. त्या पाच मिनिटांत मोठमोठे पहिलवान देवाचा धावा करताना मी ऐकले आहेत. मासा धावा करीत नाही, एवढाच फरक.

मासा न धरणारेही असतात, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. वरदायिनी देवीच्या नावाने तेथले महसीर राखलेले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, कोणी धरीत नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीराची पिले वाढवून नद्या-तलावांत सोडण्याचे काम चालवले. ज्या माशाला साहेबाने वाघ म्हटले त्याला जगवण्यासाठी शेवटी श्रद्धा आणि शास्त्र दोन्ही लागली.

अश्दोदचा बंधारा

अश्दोदच्या समुद्रात घातलेल्या दगडी बंधाऱ्यावर संध्याकाळी गेलात, तर या साऱ्या जाती एका रांगेत बसलेल्या दिसतील. मोरोक्कोचे आजोबा पाव भिजवून बुरीसाठी गोळ्या करतात. जॉर्जियाचा माणूस घरी न्यायला पिशवी घेऊन बसतो. १९९० नंतर सोव्हिएत देशांतून आलेले इंजिनियर महागड्या काठ्या लावून एकमेकांशी बुद्धिबळाच्या गोष्टी करतात. एखादा तरुण फोटो काढून मासा परत सोडतो. आणि कोठेतरी टोकाला डोक्यावर टोपी चढवलेले आपले एखादे मामा बसलेले असतात. मुंबईच्या गोदीत किंवा गिरणीत त्यांची उमेद गेली, येथे कारखान्यात पाठ वाकली, मुले दूर राहायला गेली. घरचे म्हणतात, “बाबा नुसते बसून असतात, मासा काही आणत नाहीत.”

अशा घरच्या मंडळींना मी परिचारिका म्हणून एवढेच सांगेन की, त्यांना बसू द्या. निवृत्तीनंतर ज्या माणसाला सकाळी उठायला कारण उरत नाही तो लवकर खचतो, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. भरती केव्हा, वारा कोणीकडचा, आमिष कोणते, या चिंता फार चांगल्या चिंता आहेत. शेजारच्याची भाषा येत नसली तरी काठी हलली की दोघेही एकदम उठतात. नव्या देशात आलेल्या माणसाला याहून सोपी ओळख दुसरी कोणती मिळणार? फक्त डोक्याला टोपी, जवळ पाण्याची बाटली आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर, एवढे पाहा. आणि शब्बाथला काठी घरी राहू द्या, कारण जीव सापळ्यात धरणे हे त्या दिवशी वर्ज्य असलेल्या ३९ कामांपैकी एक आहे. माशांनाही आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळाली तर वाईट काय?

बंधाऱ्यावरच्या या रांगेत मला पिशवीवाल्याचा कमीपणा वाटत नाही आणि फोटोवाल्याचा रागही येत नाही. पोटासाठी असो, मानासाठी असो की मनासाठी, प्रत्येकाला पाण्याकाठी जागा आहे. यहोशवाच्या अटीचा अर्थ मी तरी असाच घेते. पण त्या अटीची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्याची वाट अडेल इतके पाणी कोणी व्यापू नये. जाळे, ट्रॉलर आणि सुरुंग यांना ‘पुरे’ हा शब्द ठाऊक नसतो, म्हणून त्यांच्यासाठी कायदे करावे लागतात. काठीवाल्याला तो शब्द ठाऊक असतो. शेफिल्डच्या कारागिरांनी तो पार्लमेंटपर्यंत नेला. आपल्या घरी मात्र तो नेहमीच होता. कालवण चार माणसांपुरते झाले की आई म्हणे, “आता पुरे, उरलेले खाडीत राहू देत, उद्याही भूक लागणार आहे.”